हातचा डाव आणि गाफील मन

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शतकमहोत्सवाच्या व्यासपीठावर मराठीच्या अध्यापकाने उभे राहायचे म्हणजे त्याने संतसाहित्यावर किंवा गेल्या शंभर वर्षांतील कादंबरीवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असणार. कार्यवाहांनी मात्र यंदा बुद्धिबळावर बोलण्याचा आग्रह धरला. मला तो विषय या वास्तूत परका वाटत नाही. वर्तमानपत्रांच्या टेबलापासून चार पावलांवर मांडलेला पट आणि त्याभोवती न बोलता उभे राहिलेले चौघे हे जुन्या मराठी वाचनालयांतले ओळखीचे दृश्य आहे. आम्हा बेळगावकरांना तर मिरज-सांगलीचा शेजार लाभलेला. त्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी या खेळाचे रोप निष्ठेने वाढवले आणि त्याची सावली सीमेच्या अलीकडेही पडली.

भाषेच्या अंगानेही या खेळाचे आपल्यावर ऋण आहे. शह, काटशह, मात, प्यादे, अडीच घरांची चाल हे शब्द पटावरून उठून थेट आपल्या राजकारणात आणि संसारात येऊन बसले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सारे शब्द चढाईचे आणि विजयाचे आहेत. मोजके मोहरे उरल्यावर जो संथ आणि रूक्ष दिसणारा खेळ सुरू होतो, त्याच्यासाठी आपल्या बोलीत रूढ शब्द नाही. खेळाडू त्याला सरळ 'एंडगेम' म्हणतात. वाचनालयाच्या कपाटातही हाच पक्षपात दिसतो. बुद्धिबळाच्या पुस्तकांतील सुरुवातीच्या चालींची पाने हाताळून मऊ झालेली असतात आणि एंडगेमची पाने छापखान्यातून आल्यासारखी कोरी राहतात. क्युबाचे जगज्जेते कापाब्लांका यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाठ्यपुस्तकाचा आरंभ साध्या मातीपासून आणि अखेरच्या खेळापासून केला, तो उगाच नव्हे.

माझा आजचा विषय स्पर्धेतील याच टप्प्यावरच्या गाफील चुका हा आहे. अज्ञानातून होणाऱ्या चुका वेगळ्या. त्या अभ्यासाने जातात. मी बोलणार आहे ते अशा चुकांविषयी, ज्या करणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, आणि तरीही हात भलत्याच मोहऱ्याकडे जातो. अशा वेळी लोक 'नजर चुकली' म्हणतात. मला ते निदान अपुरे वाटते. पटावर निकाल लागण्याआधी खेळाडूच्या मनात तो लागून गेलेला असतो आणि नजर त्या निकालामागून जाते, असे माझे प्रतिपादन आहे.

आधी हा टप्पा इतका नाजूक का, ते पाहू. डावाच्या मध्यात चूक झाली तर ती झाकायला पटावर पुष्कळ मोहरे असतात. गुंतागुंत वाढवता येते, प्रतिस्पर्ध्याला गोंधळात टाकता येते. अखेरीस ही सोय नसते. एक साधी स्थिती डोळ्यांपुढे आणा. पांढऱ्याचा राजा आणि एकच प्यादे. काळ्याचा नुसता राजा. प्यादे पटाच्या मधल्या भागात सहाव्या ओळीत आहे, त्याचा राजा त्याच्या पाठीशी पाचव्या ओळीत आहे आणि काळा राजा प्याद्याची वाट अडवून सातव्या ओळीत उभा आहे. चाल काळ्याची. त्याला जायला आठव्या ओळीतील तीनच घरे आहेत: सरळ मागचे, तिरपे डावे आणि तिरपे उजवे. सरळ मागे गेल्यास डाव बरोबरीत सुटतो, कारण पांढरा राजा कोणत्याही बाजूने पुढे आला तरी काळा त्याच्या बरोबर समोर उभा राहतो. तिरप्या दोन घरांपैकी कोणत्याही घरात गेल्यास प्यादे वजीर होते आणि डाव हरतो. तिन्ही घरे दिसायला सारखी. एका घराच्या फरकाने अर्धा गुण जातो. शिवाय स्पर्धेत मोहऱ्याला हात लावला की तोच मोहरा चालवावा लागतो. पश्चात्तापाला तेथे मुदत नाही.

आता या गाफिलीची रूपे पाहू. पहिले रूप जिंकत आलेल्या माणसाचे. १८९२ साली हवाना येथे स्टाइनिट्झ आणि रशियाचे चिगोरिन यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. तेविसाव्या डावापूर्वी स्टाइनिट्झ यांचे नऊ विजय होते, चिगोरिन यांचे आठ. या डावात वजिरांची अदलाबदल अकराव्या चालीलाच झाली होती आणि चिगोरिन यांच्याकडे एक मोहरा जास्त होता. विजय मिळाला असता तर नऊ-नऊ अशी बरोबरी होऊन सामना पुढे गेला असता. काळ्याचे दोन हत्ती त्यांच्या राजाच्या दाराशी दुसऱ्या ओळीत येऊन बसले होते, पण त्यांच्या उंटाने राजासमोरचे घर राखून धरले होते. बत्तिसाव्या चालीला चिगोरिन यांनी तोच उंट उचलून दूर नेला. पुढच्या दोन चालींत मात होती. सामना तेथेच संपला. उंट कशासाठी उभा आहे हे चिगोरिन यांच्यासारख्या खेळाडूला कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण जो पहारेकरी बराच वेळ निमूटपणे पहारा देतो, तो पहारा देत आहे याचाच विसर पडतो. घरातल्या कर्त्या, अबोल माणसाचेही असेच होते. तो उठून गेल्यावर त्याचे काम कळते.

दुसरे रूप बरोबरी गृहीत धरलेल्या माणसाचे. जुलै १९७२ मध्ये रेकयाविक येथे स्पास्की आणि फिशर यांच्या सामन्याचा पहिला डाव चालू होता. दोघांकडे एकेक उंट आणि सहा-सहा प्यादी उरली होती. स्थिती इतकी समसमान की कोणत्याही क्षणी हस्तांदोलन व्हावे. एकोणतिसाव्या चालीला फिशर यांच्या उंटाने कोपऱ्याकडचे एक प्यादे खाल्ले. स्पास्कींनी शेजारचे प्यादे एक घर पुढे ढकलले आणि उंटाची परतीची वाट बंद झाली. फिशर यांना तो उंट दोन प्याद्यांवर सोडावा लागला आणि छप्पन्नाव्या चालीला डाव गेला. त्या चालीमागे फिशर यांच्या मनात काय होते याची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग. उंट अडकल्यानंतरही अचूक खेळाने बरोबरी साधता आली असती, असे नंतरच्या विश्लेषकांनी दाखवून दिले. म्हणजे एका चुकीने डाव गेला नाही. पहिल्या चुकीच्या धक्क्यातून मन सावरले नाही म्हणून गेला. गाफिली एकटी येत नाही, पाठोपाठ बहिणीला घेऊन येते. फिशर यांनी पुढे तो सामना साडेबारा विरुद्ध साडेआठ असा जिंकला, हेही विसरता कामा नये.

तिसरे रूप अधिक सूक्ष्म आहे, कारण त्यात दोन्ही खेळाडू एकाच वेळी गाफील होतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये सोची येथे कार्लसन आणि आपले विश्वनाथन आनंद यांचा सामना पाच डावांनंतर अडीच-अडीच असा समान होता. सहाव्या डावात वजीर लवकरच पटावरून गेले होते आणि कार्लसन आनंद यांच्यावर संथपणे दडपण आणीत होते. सव्विसाव्या चालीला कार्लसन यांनी राजा चुकीच्या घरात नेला. आनंद यांनी घोड्याने मधले प्यादे घेतले असते तर दोन प्यादी मिळून डावाचे पारडे फिरले असते. कार्लसन यांना चूक चाल केल्याबरोबर दिसली. आनंद यांनी मात्र जवळजवळ तत्काळ पटाच्या दुसऱ्या टोकाचे प्यादे पुढे सरकवले. ते आपल्या बचावाच्या योजनेत गुंतले होते. अपेक्षा नसलेली भेट कधी कधी माणूस घेतच नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी नंतर काढले. त्या उद्गारात या विषयाचे सारे मानसशास्त्र आले. आपण बचाव करीत आहोत, समोरचा सहसा चुकत नाही, असा निकाल मनाने आधीच देऊन ठेवला होता. तो डाव कार्लसन यांनी जिंकला आणि पुढे सामनाही.

या रूपाचे सर्वांत ताजे आणि सर्वांत महागडे उदाहरण आपणांपैकी अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिले असेल. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. चीनचे डिंग लिरेन आणि चेन्नईचा अठरा वर्षांचा गुकेश यांच्यात तेरा डावांनंतर साडेसहा-साडेसहा अशी बरोबरी होती. चौदाव्या, शेवटच्या डावात डिंग पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होते. प्रत्येकी एक हत्ती आणि एक उंट, डिंग यांची दोन प्यादी आणि गुकेशची तीन, सारी पटाच्या एकाच बाजूला. जाणकारांच्या मते ही स्थिती बरोबरीची. पंचावन्नाव्या चालीला डिंग यांनी हत्तींची अदलाबदल देऊ केली. मोहरे कमी झाले की धोका कमी होतो, हा दमलेल्या मनाला सुचणारा हिशेब. पण त्यांचा उंट दूरच्या कोपऱ्यात होता. हत्ती जाताच गुकेशने आपला उंट त्याच्या समोर नेऊन उभा केला आणि दुसरी अदलाबदल टाळणे अशक्य झाले. उरली नुसती प्याद्यांची लढाई, आणि तीत एक प्यादे जास्त असणे म्हणजे विजय. तीन चालींत डिंग यांनी डाव सोडला. गुकेशने पुढे सांगितले की ही चूक आपल्याही प्रथम ध्यानात आली नव्हती. तो आधी दुसरीच चाल करणार होता. त्याने थांबून पुन्हा पाहिले. जगज्जेतेपदाचा निकाल लागला तो त्या थांबण्याने.

या डावातून तरुण खेळाडूंनी एक नियम गाठीशी बांधावा. शेवटचा मोठा मोहरा पटावरून घालवण्यापूर्वी, नुसत्या राजा-प्याद्यांच्या स्थितीचा हिशेब शेवटपर्यंत करावा. हत्ती असेपर्यंत चुकलेल्याला वाट असते, कारण हत्ती दुरून शह देऊ शकतो, मागे येऊन अडवू शकतो. राजा-प्याद्यांच्या खेळात ती लवचीकता उरत नाही. अदलाबदल ही विश्रांती नव्हे. ती एका डावातून दुसऱ्या डावात पाऊल टाकणे आहे आणि त्या दुसऱ्या डावाचे नियम अधिक कडक आहेत.

चौथे रूप सवयीचे. प्यादे आठव्या ओळीत पोचले की वजीर मागायचा, हे आपले अंगवळणी पडले आहे. येथे एक जुनी कथा सांगण्याजोगी आहे. १८७५ साली फेंटन आणि पॉटर यांच्यात एक डाव झाला आणि तो बरोबरीत सुटला. वीस वर्षांनी, १८९५ मध्ये, ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचे सदर लिहिणाऱ्या बार्बिये यांनी त्याच डावाच्या आठवणीतून एक कोडे छापले. पांढऱ्याकडे राजा आणि वजीर होऊ घातलेले प्यादे, काळ्याकडे राजा आणि हत्ती. बार्बिये यांचा दावा असा की काळा बरोबरी साधतो. प्यादे वजीर होताच काळा आपला हत्ती बळी देतो. वजिराने तो घेतला की काळ्या राजाला शहही नसतो आणि हलायला घरही नसते, म्हणून डाव बरोबरीत. ग्लासगोत राहणारे सावेद्रा नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू होते. खेळाडू म्हणून त्यांचे नाव फारसे नव्हते. त्यांनी विचारले, वजीरच का? हत्ती मागितला तर? हत्ती घेतला की ती कोंडी होत नाही, पुढे मातीची धमकी निर्माण होते आणि पांढरा जिंकतो. एका प्रश्नाने त्या धर्मगुरूंचे नाव बुद्धिबळाच्या इतिहासात कायमचे राहिले. आपल्या देशी खेळात प्यादे ज्या स्तंभात शेवटास पोचे, त्या घराच्या मोहऱ्याचे रूप घेत असे; तेथे वजीर गृहीत धरण्याची सोयच नव्हती. नव्या नियमाने अधिक दिले, आणि अधिक मिळाले की विचार करण्याची सवय कमी होते. शालेय स्पर्धांत दोन वजीर घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या एकाकी राजाला कोंडणारी आणि विजयाऐवजी अर्धा गुण घेऊन उठणारी मुले पंचांच्या चांगल्या परिचयाची आहेत.

या चुका आजच्या स्पर्धांत अधिक का जाणवतात, याला खेळाची बदललेली व्यवस्थाही कारण आहे. पूर्वी डाव लांबला की तो तहकूब होई. खेळाडू पुढची चाल लिहून बंद पाकिटात पंचांच्या हवाली करी, घरी जाऊन जेवे, झोपे आणि मित्रांसह त्या स्थितीचा अभ्यास करी. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा मागे पडली. संगणक आल्यावर तिला अर्थही उरला नव्हता. फिशर यांनी कल्पिलेल्या, १९८९ साली एकस्व मिळालेल्या घड्याळाने प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देण्याची सोय केली. आज बहुतेक मोठ्या स्पर्धांत प्रत्येक चालीला तीस सेकंद मिळतात. त्यामुळे जिंकलेला डाव केवळ घड्याळाने हरण्याचे दुःख कमी झाले. पण एंडगेम नेमका चौथ्या-पाचव्या तासाला येतो. तोवर मूळ वेळ सुरुवातीच्या आणि मधल्या चालींवर खर्च झालेला असतो आणि सर्वांत बारीक हिशेब त्या तीस सेकंदांच्या भिक्षेवर करावा लागतो. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थितींचे अचूक उत्तर संगणकाने २०१२ पर्यंत काढून ठेवले. पण ते भांडार खेळाडूला पटाशी बसल्यावर उपयोगाचे नसते. तेथे त्याच्यापाशी असते ती स्वतःची शिकवण आणि स्वतःचा धीर.

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा साऱ्या मराठी घरांत आनंद झाला. अंतिम लढत कोनेरू हंपी यांच्याशी होती. दोन दीर्घ डाव बरोबरीत, पहिला जलद डाव बरोबरीत, आणि दुसऱ्या जलद डावाच्या अखेरच्या टप्प्यात, घड्याळाच्या ताणाखाली झालेल्या चुकांनी निकाल दिला. हंपी यांच्यासारखी अनुभवी ग्रँडमास्टर तेथे चुकली, यात त्यांच्या ज्ञानाची उणीव पाहू नये. दिव्याकडून शिकायचे ते हे की डाव हातात असो वा निसटताना दिसो, ती शेवटच्या चालीपर्यंत पटावर राहिली.

मग उपाय काय? रशियाचे ब्लूमेनफेल्ड यांच्या नावे एक जुना नियम सांगतात. चाल ठरल्यावर ती आधी नोंदपत्रकावर लिहावी आणि मग पटाकडे नवशिक्याच्या नजरेने पाहावे: माझा एखादा मोहरा फुकट जातो का, एका चालीत मात आहे का? आज आंतरराष्ट्रीय नियमांनी चाल करण्यापूर्वी ती लिहिण्यास मनाई केली आहे. तेव्हा तो विराम मनात पाळावा लागतो. पण विराम हवाच. शेरेशेव्स्की यांनी एंडगेमवरील आपल्या ग्रंथात घाई न करणे याला स्वतंत्र तत्त्वाचा मान दिला आहे. ज्या स्थितीत प्रतिस्पर्ध्याला काही करता येत नाही, तेथे आपणही जागच्या जागी सुधारणा करीत थांबावे, सर्व मोहरे नीट बसल्यावरच निर्णायक पाऊल टाकावे. जिंकत असलेल्या माणसाला हे सर्वांत कठीण जाते, कारण त्याचे मन बक्षीस समारंभाला जाऊन पोचलेले असते.

मी पालकांना आणि शिक्षकांना तीन गोष्टी सुचवीन. मुलाला सुरुवातीच्या चालींची पोपटपंची शिकवण्याआधी राजा आणि एक प्यादे हातात द्यावे. मघाशी सांगितलेली तीन घरांची स्थिती त्याने दोन्ही बाजूंनी, पटावर मोहरे हलवून, पुनःपुन्हा खेळावी. दुसरे, अखेरच्या टप्प्यासाठी घड्याळात वेळ राखून ठेवण्याची सवय लावावी. त्यासाठी सरावाचा डाव घड्याळ लावूनच खेळावा. तिसरे, मूल हरून आले की 'नजर चुकली' या उत्तरावर समाधान मानू नये. त्या चालीच्या वेळी तुझ्या मनात काय चालले होते, असे विचारावे. बहुधा उत्तर येईल, 'मला वाटले, झालेच.' तो 'झालेच' शब्द पकडावा. मुलाला रागावू नये, पण त्या शब्दाशी त्याची ओळख करून द्यावी. पुढच्या वेळी तो मनात आला की हात आपोआप थांबेल.

या वाचनालयाच्या चालकांना माझी एक विनंती आहे. शताब्दीनिमित्त बालविभाग वाढवण्याचा आपला संकल्प आहे असे कळते. त्या विभागात एक पट कायमचा मांडून ठेवावा आणि त्यावर दर आठवड्याला एंडगेमची एकच स्थिती असावी: मोहरे चार-पाच, प्रश्न एक. शेजारी वही ठेवावी. उत्तर लिहिणाऱ्या मुलाने चालीबरोबर दोन ओळींत कारणही लिहावे, म्हणजे बुद्धिबळाबरोबर त्याचे मराठीही तयार होईल. सीमेवरच्या आपल्या गावांत मुलाने आपला विचार मराठीत नीट मांडून दाखवणे ही लहान गोष्ट नाही. यासाठी लागणारा खर्च एका पटाचा आणि एका वहीचा आहे. बाकी लागते ती दर आठवड्याला मोहरे मांडणाऱ्या एका सभासदाची चिकाटी. पहिल्या वर्षाच्या स्थिती निवडून देण्याचे काम मी आनंदाने स्वीकारतो.